आलेखाची उजवी कड आणि उशिरा येणाऱ्या नोंदी

लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेप्रमाणे मांडलेला, रोज ताजा होणारा रुग्णसंख्येचा कुठलाही आलेख घ्या. त्याची उजवी कड खाली झुकलेली दिसेल. साथ वाढत असो, थांबलेली असो की ओसरत असो, झुकाव असतोच. काल ज्याला ताप भरला तो अजून डॉक्टरकडे गेलेला नाही. गेला असेल तर नमुना प्रयोगशाळेत रांगेत आहे, आणि निकाल लागला असेल तर तो संगणकात कुणी भरलेला नाही. २०२० मध्ये स्वीडनचा मृत्यूच्या तारखेप्रमाणे काढलेला आलेख असाच रोज ‘उतरताना’ दिसायचा. आठवड्याभराने तेच दिवस पुन्हा पाहिले की तिथले स्तंभ उंच झालेले असायचे.

घडून गेलेल्या पण आपल्यापर्यंत न पोचलेल्या घटनांचा अंदाज म्हणजे नाऊकास्टिंग. हे भविष्याचं भाकीत नव्हे. यातली मूळ कल्पना विमा कंपन्यांच्या हिशेबातून ओळखीची आहे: अपघात होऊन गेला, दावा अजून आलेला नाही, तरी पैसे किती बाजूला ठेवायचे? १९८० च्या दशकाच्या अखेरीस एड्सच्या नोंदी उशिरा येत, तेव्हा संख्याशास्त्रज्ञांनी हेच गणित रोगांकडे वळवलं. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, तिच्या आकडेवारीवर बेझियन (आधीचा अंदाज नव्या माहितीने सुधारत नेणाऱ्या) पद्धतीचं नाऊकास्टिंग विकसित झालं. आज ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत सर्व्हेलन्स, नॉबबीएस, इपिनाऊकास्ट अशी तयार पॅकेजं आहेत. म्हणजे मॉडेल आयतं मिळतं. तारखांचा स्वच्छ तक्ता मात्र आयता मिळत नाही, आणि माझ्या मते नाऊकास्ट फसतो तो दहापैकी आठ वेळा तिथेच.

कोणती तारीख, कोणाची तारीख

प्रत्येक घटनेला दोन तारखा लागतात. पहिली संदर्भ तारीख, म्हणजे जे मोजायचं ते कधी घडलं: लक्षणं, नमुना, भरती किंवा मृत्यू. दुसरी नोंद तारीख, म्हणजे ती घटना तुमच्या तक्त्यात पहिल्यांदा कधी दिसली. दुसरीतून पहिली वजा केली की उशीर.

‘तुमच्या तक्त्यात’ आणि ‘पहिल्यांदा’ हे दोन्ही शब्द जपून वाचा.

प्रयोगशाळेने निकाल दिल्याची तारीख ही तुमची नोंद तारीख नव्हे. तो निकाल तुमच्याकडे यायला आणखी दोन-तीन दिवस लागत असतील, तर निकालाच्या तारखेवर बांधलेल्या गणिताला वाटतं की आजपर्यंतचं सगळं दिसतंय. प्रत्यक्षात शेवटच्या दोन-तीन दिवसांचे निकालही अर्धवटच असतात. मग उशीर आहे त्यापेक्षा कमी भासतो आणि अंदाज खाली येतो. मधल्या टप्प्यांच्या तारखा ठेवा, अडथळा नेमका कुठे आहे ते त्यांवरून कळतं. पण त्रिकोण (संदर्भ तारीख आणि उशीर यांचा तक्ता, पुढे येतो) बांधायचा तो माहिती विश्लेषकाच्या हाती पडली त्या तारखेवर.

‘पहिल्यांदा’ची अडचण आणखी चोरटी आहे. कित्येक प्रणालींमध्ये नोंद दुरुस्त केली की तारीखही बदलते: रुग्णाचं वय सुधारलं आणि नोंद तारीख आजची झाली. असा ‘शेवटचा बदल’वाला स्तंभ नोंद तारीख म्हणून घेतला की उशिराची शेपटी विनाकारण लांबते. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच रुग्ण क्रमांकाची नोंद तारीख दोन वेगवेगळ्या दिवशी उतरवलेल्या फाइलींत ताडून पाहा. ती पुढे सरकत असेल तर त्या स्तंभाला हात लावू नका. डुप्लिकेट काढतानाही हाच नियम: एका रुग्णाच्या चार ओळी असतील तर सर्वांत जुनी नोंद तारीख ठेवायची आणि बाकीची माहिती सर्वांत नव्या ओळीतून घ्यायची. बहुतेक लोक सवयीने शेवटची ओळ ठेवतात आणि उशीर फुगवून बसतात.

या सगळ्यावर एकच खात्रीचा उपाय आहे: रोज ठरलेल्या वेळी अख्ख्या तक्त्याची प्रत काढून ठेवायची, तिच्या नावात तारीख घालायची आणि ती पुन्हा कधीही बदलायची नाही. अशा प्रतींना स्नॅपशॉट म्हणतात. एखादा रुग्ण पहिल्यांदा ज्या स्नॅपशॉटमध्ये दिसला, ती त्याची नोंद तारीख. मग प्रणालीने आतल्या तारखा कितीही खोडल्या तरी बिघडत नाही. जागेची काळजी असेल तर संदर्भ तारीख, गट आणि संख्या एवढ्या तीनच स्तंभांचा सारांश ठेवला तरी पुरतं. प्रत काढण्याची वेळ मात्र बदलू नका. सोमवारी सकाळी दहाला आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला प्रत घेतली, तर मंगळवारच्या वाट्याला बत्तीस तासांच्या नोंदी येतात. सर्व्हरची घडी जागतिक वेळेवर आणि नोंदणी स्थानिक वेळेवर चालत असेल, तर मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदी एक दिवस मागेपुढे होतात. उशीर सरासरी दहा दिवसांचा असेल तर हे खपून जातं. दोन दिवसांचा असेल तर नाही.

तारखांची झाडाझडती

कुठलंही मॉडेल चालवण्याआधी उशिरांचा साधा स्तंभालेख काढा. निम्मे आजार तिथेच दिसतात.

ऋण उशीर: नोंद आधी आणि लक्षणं नंतर. थोडे असतील तर टंकनाची चूक असेल, किंवा संपर्कातली व्यक्ती लक्षणांआधीच तपासली गेली असेल. दुसरा प्रकार खरा आहे, तो ‘चूक’ म्हणून फेकू नका. अशा रुग्णासाठी संदर्भ तारीख कोणती धरायची ते आधी ठरवा आणि तो नियम लिहून ठेवा.

उशीर ० वर अचानक उंच खांब: फॉर्ममध्ये लक्षणांची तारीख सक्तीची आहे आणि रुग्णाला ती आठवत नाही, म्हणून भरणाऱ्याने आजची तारीख टाकली. हे ओळखायचं तर तो खांब केंद्रानुसार फोडून पाहा. दोन-तीन केंद्रांतच ०चं प्रमाण बाकीच्यांच्या कित्येक पट असेल, तर त्या नोंदींची लक्षणांची तारीख ‘माहीत नाही’ अशीच धरायची.

७ आणि १४ वर खांब: ‘आठवडा झाला’, ‘दोन आठवडे झाले’ ही माणसाची भाषा आहे. हे गोळे सहसा सरळ करत बसायची गरज नसते, फक्त त्यांना साथीचा संकेत समजू नका.

दिवस आणि महिन्याची अदलाबदल: ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? १२ पर्यंतच्या तारखांनाच हा गोंधळ होऊ शकतो, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या नोंदींचा उशीर आणि उरलेल्या दिवसांतला उशीर वेगळा काढून ताडा. पहिल्या गटातच तीस, साठ, नव्वद दिवसांच्या आसपासचे उशीर किंवा ऋण उशीर असतील तर चोर सापडला.

नेमका १,४६२ दिवसांचा फरक दिसला तर ती एक्सेलच्या दोन दिनदर्शिकांची कृपा आहे. एक पद्धत १९०० पासून मोजते, दुसरी १९०४ पासून, आणि दोन्हींत एवढंच अंतर आहे. तारखेच्या जागी ४४१९७ सारखा आकडा आला तर तीही एक्सेलची तारीखच, १ जानेवारी २०२१. आणि १ जानेवारी १९७० म्हणजे जवळजवळ नक्कीच रिकामी जागा.

मोजणी आठवड्यावर असेल तर आठवडा कधी सुरू होतो ते विचारा. आयएसओ पद्धतीत तो सोमवारी सुरू होतो, अमेरिकेच्या साथरोग सर्वेक्षणात रविवारी. दोन स्रोत जोडताना हे निसटलं की दर आठवड्याला एका दिवसाचे रुग्ण चुकीच्या खणात पडतात, आणि चूक एवढी गुळगुळीत असते की आलेखात ती दिसत नाही.

त्रिकोण

आता मांडणी. प्रत्येक ओळ एका संदर्भ तारखेची, प्रत्येक स्तंभ एका उशिराचा. आजपर्यंत जे दिसलं ते वर डावीकडे भरतं, जे यायचं आहे ते खाली उजवीकडे रिकामं राहतं. पाच दिवसांचं, जास्तीत जास्त तीन दिवस उशिराचं रचलेलं उदाहरण घेऊ. आज पाचवा दिवस आहे.

| दिवस | उशीर ० | उशीर १ | उशीर २ | उशीर ३ | आजवर दिसलेले |
|---|---|---|---|---|---|
| १ | ४० | ३० | २० | १० | १०० |
| २ | ४४ | ३६ | २० | १० | ११० |
| ३ | ५० | ३५ | २५ | – | ११० |
| ४ | ६० | ४४ | – | – | १०४ |
| ५ | ६६ | – | – | – | ६६ |

शेवटचा स्तंभ पाहिला तर साथ ओसरतेय असं कुणीही म्हणेल.

हिशेब उलट्या दिशेने करायचा, सर्वांत लांब उशिराकडून. ज्या ओळींत उशीर ३ दिसून गेला आहे त्या दोनच. त्यांत एकूण २१० पैकी २० जण तिसऱ्या दिवशी आले, म्हणजे ०.०९५२. म्हणून उशीर २ पर्यंत ०.९०४८ भाग येतो. उशीर २ दिसलेल्या तीन ओळींत, तोवर आलेल्या ३०० पैकी ६५ जण नेमके उशीर २ चे, म्हणजे ०.२१६७. म्हणून उशीर १ पर्यंत ०.९०४८ गुणिले ०.७८३३, म्हणजे ०.७०८७. उशीर १ दिसलेल्या चार ओळींत ३३९ पैकी १४५ उशीर १ चे, म्हणजे ०.४२७७. म्हणून पहिल्याच दिवशी येणारा भाग ०.७०८७ गुणिले ०.५७२३, म्हणजे ०.४०५६.

आता दिसलेल्या संख्येला त्या त्या भागाने भागा. तिसरा दिवस ११० ऐवजी १२२, चौथा १०४ ऐवजी १४७, पाचवा ६६ ऐवजी १६३. क्रम झाला १००, ११०, १२२, १४७, १६३. साथ चढतेय.

हाच आकडा सरळसोट काढला असता तर? सगळ्या दिसलेल्या ४९० नोंदींपैकी उशीर ० च्या २६०, म्हणजे ०.५३, आणि ६६ भागिले ०.५३ म्हणजे १२४. जवळजवळ चाळीस रुग्ण कमी. अलीकडच्या ओळींनी फक्त लवकर येणारे रुग्ण दाखवले आणि उशिरा येणाऱ्यांना मोजणीत जागाच मिळाली नाही, म्हणून हे झालं. याला राइट ट्रंकेशन म्हणतात. वर प्रत्येक पायरीला ‘ज्या ओळींत हा उशीर दिसून गेला आहे’ अशी अट घातली ती याचसाठी.

त्रिकोण भरताना ० आणि रिकामं यांची गल्लत सर्वांत महागात पडते. नोंद तारीख आजपर्यंतची आहे आणि कुणी आलं नाही, तर तिथे ० हवं. नोंद तारीख आजच्या पुढची आहे, तर तिथे रिकामं हवं. तक्ता जोडणाऱ्या आज्ञा रिकाम्या जागी सर्रास ० भरतात, आणि मग मॉडेल इमानदारीने शिकतं की उशिरा कुणी येतच नाही. तिसरीही शक्यता आहे: त्या दिवशी स्रोताने माहिती प्रसिद्धच केली नाही. तेही रिकामंच, कारण त्या दिवसाचे रुग्ण दुसऱ्या दिवसाच्या आकड्यात मिसळून आलेले असतात. शनिवार-रविवार बंद असलेल्या स्रोतातून सोमवारी येणारा ढीग तीन दिवसांचा असतो.

पॅकेजला काय हवं तेही आधी वाचा. नॉबबीएस आणि सर्व्हेलन्स रुग्णागणिक एक ओळ मागतात. इपिनाऊकास्टला संदर्भ तारीख आणि नोंद तारीख यांच्या प्रत्येक जोडीसाठी तोवरची एकत्रित संख्या लागते, त्या दिवशी वाढलेली नव्हे.

साथ वाढत असताना उशीर लहान का दिसतो

राइट ट्रंकेशनचं हे भावंड, पण वेगळं ओळखायला हवं. या आठवड्यात नोंदलेल्या रुग्णांचा सरासरी उशीर काढणं सोयीचं असतं, कारण त्या सगळ्यांच्या दोन्ही तारखा हातात असतात. पण साथ वाढत असेल तर आज नोंदलेल्यांत नुकतेच आजारी पडलेले संख्येने जास्त असतात, निव्वळ नुकतं आजारी पडणारेच जास्त आहेत म्हणून. खरा उशीर गॅमा वितरणाचा (उजवीकडे लांब शेपटी असलेल्या वक्राचा) धरा, आकार २, मापक ४ दिवस, सरासरी ८. रुग्णसंख्या ७ दिवसांत दुप्पट होत असेल तर रोजचा वाढदर ०.०९९. नोंदीकडून मागे पाहिलेल्या उशिराचा मापक ४ भागिले १.३९६, म्हणजे २.८७ होतो आणि सरासरी ५.७ दिवस. नोंदणीत काडीचीही सुधारणा झालेली नाही, तरी सव्वादोन दिवस वाचल्यासारखं दिसतं. साथ उतरणीला लागली की तोच आकडा ८ च्या वर जातो आणि यंत्रणा सुस्तावली असा ठपका येतो.

म्हणून नाऊकास्टसाठी उशीर नेहमी संदर्भ तारखेच्या गटाप्रमाणे, पुढच्या दिशेने मोजायचा.

याला एक अपवाद आहे, आणि त्यावर मोठ्या अहवालांतही गफलत झालेली दिसते: लक्षणांची तारीख नसलेले रुग्ण. त्यांना वगळलं तर संख्या घटते, आणि अलीकडच्या रुग्णांची मुलाखत राहिली असल्याने गहाळ तारखांचं प्रमाण शेवटी शेवटी वाढतं, म्हणजे आणखी एक खोटा उतार तयार होतो. ‘नोंद तारीख वजा सरासरी उशीर’ असं भरलं तर सगळी शिखरं बोथट होतात. इथे नोंद तारीख माहीत आहे आणि मागे जायचं आहे, त्यामुळे मागच्या दिशेचा उशीरच बरोबर. त्याच आठवड्यात नोंदलेल्या, लक्षणांची तारीख माहीत असलेल्या, त्याच वयोगटातल्या रुग्णांचे उशीर घ्या आणि त्यांतून यादृच्छिक निवडून भरा. असे पन्नास-शंभर संच करून प्रत्येकावर नाऊकास्ट चालवा, म्हणजे भरण्यातली अनिश्चितता उत्तरात उतरते. लक्षणंच नसलेल्यांना यात ओढू नका. त्यांच्यासाठी वेगळा कोड हवा, कारण ती तारीख गहाळ नाही, ती अस्तित्वातच नाही.

कमाल उशीर आणि किती मागचं घ्यायचं

त्रिकोणाला उजवीकडे कुठेतरी थांबवावं लागतं. जुन्या, पूर्ण भरलेल्या ओळी घ्या आणि ७, १४, २१, २८, ४२ दिवसांपर्यंत किती टक्के आले ते काढा. ९५ ते ९९ टक्क्यांच्या मधे जिथे वक्र सपाट होतो तिथे थांबा. फार आखूड ठेवलं तर प्रत्येक अंदाज कायमचा थोडा कमी पडतो. फार लांब ठेवलं तर शेवटच्या स्तंभांत इन-मीन दोन-चार रुग्ण उरतात आणि मॉडेल त्यांच्याशी झटापट करत बसतं. शेपटी कापली तर ‘अंतिम संख्या’ म्हणजे ‘इतक्या दिवसांत नोंदलेली संख्या’ हे अहवालात लिहा, नाहीतर वर्षाने कुणीतरी दोन आकडे शेजारी ठेवून जाब विचारतो.

दुसऱ्या टोकालाही कापायची वेळ येते. उशीर ० ला केवळ पाच-सात टक्के रुग्ण येत असतील, तर आजचा आकडा पंधरा-वीसने गुणावा लागेल. दोन रुग्ण आले तर चाळीस, एकही नाही तर शून्य. अशा वेळी आजचा आणि कालचा दिवस नाऊकास्टमधून सरळ गाळावा. दोन दिवस जुना पण उभा राहणारा अंदाज मला कधीही जास्त कामाचा वाटतो.

उशीर शिकायला किती इतिहास घ्यायचा? माझा कल कमाल उशिराच्या दीडपट ते तिप्पट दिवसांकडे असतो. त्याहून मागे गेलं की जुनी कार्यपद्धती मिसळते: कागदी फॉर्मच्या काळातला उशीर आजच्या ऑनलाइन नोंदीला लावला जातो. यंत्रणा बदलल्याची तारीख माहीत असेल तर तिच्या मागे जाऊच नका, इतिहास कमी पडला तरी चालेल.

गट पाडतानाही हात राखून. वय आणि विभागानुसार उशीर खरोखर वेगळे असतात, आणि रुग्णांची गटवारी बदलली की एकूण उशीर आपोआप सरकतो. पण दिवसाला चार रुग्णांच्या गटाचा स्वतंत्र त्रिकोण म्हणजे निव्वळ गोंगाट. तिथे उशिराचं वितरण मोठ्या गटाचं वापरा आणि संख्या तेवढी गटाची ठेवा.

आठवड्याची लय, ढीग आणि उणे आकडे

रविवारी नोंदणी बंद असेल तर शुक्रवारच्या रुग्णाला उशीर २ मिळणं अशक्य आहे, सोमवारच्या रुग्णाला शक्य. एकच वितरण दोघांना लावलं की दर आठवड्याला तोच करवती दात उमटतो. मॉडेलमध्ये नोंदीच्या वाराचा परिणाम घाला आणि सार्वजनिक सुट्ट्यांना रविवारचा कोड द्या. लक्षणांच्या वाराचा परिणाम ही वेगळी गोष्ट आहे, दोन्ही एकत्र कालवू नका. आणि ही लय दबावी म्हणून नाऊकास्टच्या आधी सात दिवसांची चल सरासरी तर मुळीच काढू नका. तिच्यात पूर्ण दिवस आणि अर्धे दिवस एकत्र शिजतात, मग त्यांना वेगळं करता येत नाही. सरासरी काढायची तर नाऊकास्ट झाल्यावर.

एका दिवशी अचानक साठलेल्या नोंदींचा ढीग पडतो. त्रिकोणात नोंद तारीख तिरप्या रेषेवर असते, त्यामुळे ढीगही तिरपाच दिसतो: कित्येक ओळींत, प्रत्येक ओळीत वेगळ्या उशिराच्या खणात. १२ फेब्रुवारी २०२० च्या आकडेवारीत चीनच्या हुबेई प्रांताने १४,८४० नवे रुग्ण दाखवले. त्यांतले १३,३३२ केवळ क्लिनिकल निदानावरचे, म्हणजे प्रयोगशाळेच्या पुष्टीशिवायचे होते, कारण रुग्णाची व्याख्या बदलली होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून निसटले आणि नंतर एकदम जोडले गेले. जुन्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत, हे त्याचं कारण.

दोन्ही ढीग दिसायला सारखे, उपाय मात्र वेगळा. इंग्लंडसारख्या ढिगात रुग्ण खरे आणि व्याख्या तीच आहे. संख्या ओळींत ठेवायची, पण ती तिरपी रेषा उशिराच्या गणितातून वगळायची किंवा त्या एका नोंद तारखेला स्वतंत्र परिणाम द्यायचा. नाहीतर पुढचे कित्येक आठवडे मॉडेल उशिरा येणाऱ्या गर्दीची वाट पाहत आकडे फुगवत राहील. व्याख्या बदललेल्या ढिगाला त्रिकोणच वेगळा हवा. जुन्या व्याख्येचे आणि नव्या व्याख्येचे रुग्ण एका ओळीत बेरजेला बसत नाहीत.

एकत्रित संख्यांच्या सलग स्नॅपशॉटांची वजाबाकी करून त्रिकोण बांधला तर काही खण उणे येतात: कुणी डुप्लिकेट निघाला, कुणाचं निदान रद्द झालं. उणे आकड्याला ० करणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय, कारण ओळीची बेरीज वाढते. त्याऐवजी ती उणीव त्याच ओळीतल्या आधीच्या, कमी उशिराच्या खणातून वजा करा. तो पुरला नाही तर त्याच्या आधीच्या. बेरीज कायम राहते आणि खण ऋण होत नाहीत. मात्र ठरावीक उशिरानंतर दर ओळीत काही टक्के रुग्ण नेमाने गळत असतील, तर ती टंकनाची चूक नव्हे, ती प्रक्रिया आहे. मग अंतिम संख्येपेक्षा मधली संख्या मोठी असू शकते हे मॉडेलला कळायला हवं, आणि केवळ वाढ गृहीत धरणारी पद्धत तिथे चालणार नाही.

भरतीच्या आकड्यांत तर उशिराचा अर्थच तपासावा लागतो. जर्मनीत कोविडच्या काळात सात दिवसांचा भरती-दर रुग्णालयात दाखल झाल्याच्या तारखेवर मोजला जात नव्हता, त्या व्यक्तीचा संसर्ग नोंदला गेल्याच्या तारखेवर मोजला जाई. त्यामुळे त्यातल्या उशिरात दोन गोष्टी एकत्र होत्या: संसर्ग नोंदल्यापासून प्रकृती बिघडून भरती व्हायला लागलेले दिवस, आणि भरतीची खबर पोचायला लागलेले दिवस. पहिला भाग रोगाचा, दुसरा कचेरीचा. नोंदणी कितीही वेगवान केली तरी पहिला भाग कमी होत नाही.

तपासणी करताना

जुन्या तारखेवर उभं राहून नाऊकास्ट चालवायचा आणि नंतर स्थिरावलेल्या संख्येशी ताडायचा, ही पद्धत सर्वमान्य आहे. पण आजच्या लाइनलिस्टमधून (रुग्णागणिक एक ओळ असलेल्या यादीतून) ‘नोंद तारीख त्या दिवसापर्यंतची’ एवढीच गाळणी लावून जुना त्रिकोण पुन्हा बांधला, तर त्यात पाणी मुरतं. त्या दिवशी डुप्लिकेट काढलेले नव्हते, लक्षणांच्या तारखा भरलेल्या नव्हत्या, रद्द निदानं रद्द झालेली नव्हती. आजची स्वच्छता काल उपलब्ध असल्यासारखी वापरली जाते आणि मॉडेल आहे त्याहून हुशार ठरतं. खरे स्नॅपशॉट असतील तर तेच वापरा. नसतील तर निकालाशेजारी तसं नमूद करा.

निदान वीस-तीस जुन्या तारखांवर चालवा, वेगवेगळ्या वारांना, आणि चढ, शिखर, उतार तिन्ही टप्पे त्यांत येऊ द्या. मॉडेल अंदाजासोबत देतं त्या ९० टक्क्यांच्या अनिश्चिततेच्या पट्ट्यात खरी संख्या दहापैकी नऊ वेळा यायला हवी. सहाच वेळा येत असेल तर आधी वाराचा परिणाम आणि ढिगाची तिरपी रेषा तपासा, मॉडेल बदलायची घाई नंतर. चूक उशिरानुसार वेगळी मांडा: आजचा दिवस, कालचा, परवाचा. सगळ्यांची सरासरी काढली की आठवडाभर जुन्या, जवळजवळ पूर्ण झालेल्या ओळी आजच्या दिवसाची अब्रू झाकतात. वर त्रिकोणात वापरलेली साधी भागाकाराची रीत तुलनेला सोबत चालवा. स्टॅन या बेझियन गणिताच्या सॉफ्टवेअरवर तासभर चालणारं मॉडेल तिला हरवत नसेल, तर तो तास वाचवलेला बरा.

साथीच्या प्रजनन-दराच्या (एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो त्याच्या) गणिताला नाऊकास्ट पुढे द्यायचा असेल तर मध्यक एकटा पाठवू नका. मॉडेलमधून निघालेले हजारभर नमुना-वक्र तसेच पाठवा आणि प्रत्येकावर दर काढा. फाइलीच्या माथ्यावर चार गोष्टी असू द्या: स्नॅपशॉटची तारीख आणि वेळ, कमाल उशीर, गाळलेले शेवटचे दिवस, आणि उशिराच्या गणितातून वगळलेल्या नोंद तारखा.